विषय क्रमांक सात

माननीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीतील सर्व मंडळी,

सप्रेम नमस्कार.

वार्षिक सभेची विषयपत्रिका मिळाली. विषय क्रमांक सात, "अडचणीतील विद्यार्थ्यांसाठी मदतनिधी", गणपतीच्या आराशीच्या खर्चानंतर आणि "आयत्या वेळचे विषय"च्या आधी टाकलेला दिसला. म्हणजे जेवणानंतर. तोवर अर्धी मंडळी पोरांना बूट घालायला उठलेली असतात आणि उरलेली श्रीखंडानं पेंगत असतात. मी सहा वर्षं खजिनदार होतो. नको असलेला विषय कुठं ठेवायचा ते मलाही येतं.

पत्र खुलं लिहितोय, पण परदेशातल्या आपल्या या मराठी मंडळाचं आणि शहराचं नाव लिहीत नाही. आपल्याला कळलं म्हणजे झालं.

गेल्या जानेवारीत इथं शिकणाऱ्या, बुलढाण्याकडच्या त्या मुलीचे वडील वारले. तिच्याकडं घरी जायच्या तिकिटाचे पैसे नव्हते. आपल्या ग्रुपवर चार दिवस चर्चा चालली. "पायंडा पडेल", "परत केले नाहीत तर जबाबदार कोण?", "वास्तुनिधीला हात लावता येत नाही", "आधी घटना बघू". पाचव्या दिवशी तिच्या वर्गातल्या दोन पंजाबी मुलांनी आणि एका नायजेरियन मुलीनं मिळून तिकीट काढून दिलं. ती दहाव्यालाही पोचली नाही, तेराव्याला पोचली. आपण ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजी टाकल्या. मीही टाकली.

"जबाबदार कोण?" हा प्रश्न मी 2003 मध्ये, खजिनदार असताना, स्वतः विचारला होता. तेव्हा एका विद्यार्थ्याला सहाशे डॉलर हवे होते. मी नियम दाखवून त्याला परत पाठवलं. घरी येताना मला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची आठवण झाली आणि मी ती बाजूला सारली. आज त्यांच्याबद्दलच लिहायचं आहे.

त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. आम्ही त्यांना ओपा म्हणायचो, म्हणजे आजोबा. 1996 मध्ये मी कॅनडातल्या दक्षिण मॅनिटोबात विंकलरला नोकरीला लागलो तेव्हा ऑल्टोनाजवळच्या एका खेड्यात त्यांच्या घराचं तळघर भाड्यानं घेतलं होतं. ओपा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मेनोनाइट, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाचे. आपल्याकडं कुणाला मेनोनाइट म्हटलं की "ते घोडागाडीवाले ना?" असं विचारतात. तसेही काही असतात, पण ओपांच्या शेडमध्ये कापणी-मळणीचा हिरवा कम्बाइन उभा होता आणि त्याच्या केबिनमध्ये एसी होता, जो ते कधी लावत नसत.

पहिल्याच रविवारी त्यांनी मला फास्पाला वर बोलावलं. फास्पा म्हणजे रविवारी दुपारचं, चर्च आणि झोप दोन्ही उरकल्यावरचं, कॉफीबरोबरचं खाणं. टेबलावर झ्वीबाक होते. मोठ्या पावाच्या डोक्यावर छोटा पाव बसवून भाजलेले, एखाद्या लाडवावर लाडू ठेवावा तसे. बरोबर प्लमचा जॅम, चीज, काकडीचं लोणचं. सॉसेजची बशी ओमांनी, म्हणजे ओपांच्या बायकोनं, मुद्दाम माझ्यापासून लांब ठेवली होती. मी शाकाहारी हे मी सांगितलं नव्हतं, त्यांनी फोन करून कुणाला तरी विचारलं होतं. ओपांनी मला पहिला प्रश्न विचारला, "तुझं गाव चांपापासून किती लांब?"

मी गोंदियाचा. चांपा आमच्याच लाइनीवरचं, हावड्याकडं जाताना बिलासपूरच्या पुढचं स्टेशन. मॅनिटोबातल्या शेतकऱ्याला चांपा कसं ठाऊक? तर त्यांच्या पंथाच्या मिशननं 1900च्या सुमारास तिथं काम सुरू केलं होतं आणि कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना काढला होता. धमतरीलाही मेनोनाइट मिशन 1899चं, ऐन दुष्काळातलं. तेव्हा तो सगळा मुलूख मध्य प्रांतात होता आणि कारभार नागपुरातून चालायचा. ओपांना लहानपणी रविवारच्या शाळेत चांपा नकाशावर दाखवलं होतं आणि तिथं पाठवायला त्यांनी एक सेंट डब्यात टाकला होता. ते म्हणाले, "माझा सेंट पोचला का ते बघायला मी कधी आलो नाही. आता तूच आलास."

ओपांचा जन्म 1918चा, युक्रेनमधल्या मोलोच्ना या मेनोनाइट वसाहतीतला. हे मेनोनाइट लोक मुळात हॉलंडकडचे. मेनो सिमन्स नावाच्या सोळाव्या शतकातल्या धर्मगुरूवरून पंथाला नाव पडलं. बाप्तिस्मा प्रौढपणी, स्वतःच्या समजुतीनं घ्यायचा आणि हातात शस्त्र धरायचं नाही, या दोन गोष्टींपायी त्यांना राज्या-राज्यांतून हाकललं गेलं. आधी ते व्हिस्तुला नदीकाठची दलदल उपसून शेती करू लागले. मग रशियाच्या कॅथरीन राणीनं जमीन आणि सैन्यातून सूट देऊ केली म्हणून 1789पासून युक्रेनच्या गवताळ माळावर आले. शंभर वर्षांत तिथं गिरण्या, शाळा, विम्याच्या संस्था, अनाथांच्या वारशाचा पैसा सांभाळणाऱ्या पेढ्या उभ्या राहिल्या. 1870च्या दशकात सैन्याची सूट जाणार असं दिसताच काही हजार कुटुंबं कॅन्सस, नेब्रास्का, मॅनिटोबाकडं निघून गेली. ओपांचे आजोबा मागं राहिले. त्यांना वाटलं, एवढं काही वाईट होणार नाही.

मग क्रांती, यादवी, लुटारूंच्या टोळ्या, टायफस आणि 1921-22चा दुष्काळ. ओपांना चार वर्षांच्या वयातलं एकच आठवत होतं: अमेरिकन मेनोनाइटांनी उघडलेल्या स्वयंपाकघरापुढं रांग, हातात पत्र्याचा डबा, डब्यात कोको आणि वर पांढरा पाव. ती मदत पाठवायलाच 1920 मध्ये मेनोनाइट सेंट्रल कमिटी स्थापन झाली होती. गावातले घोडे फौजांनी नेले होते, तर त्याच कमिटीनं पन्नास फोर्डसन ट्रॅक्टर धाडले. ओपा सांगायचे, ट्रॅक्टर पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा आजोबा रडले. घोड्यांच्या आठवणीनं की ट्रॅक्टर बघून, ते कुणी विचारलं नाही.

आता मुद्द्याचं. अध्यक्षसाहेब, इथं थोडं सावकाश वाचा.

कॅनडात सस्कॅचवानमधल्या रॉस्थर्न गावात डेव्हिड टेव्ज नावाचे एक गृहस्थ होते. शिक्षक आणि मंडळीचे (म्हणजे चर्चच्या सभासदांचे) एल्डर, वडीलधारे पुढारी. स्वतः रशियातून आलेले. रशियातल्या आपल्या लोकांना बाहेर काढायचं, पण त्यांच्याकडं दमडी नाही. टेव्जनी 1922 मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेशी करार केला की कंपनीनं जहाजाचं आणि रेल्वेचं तिकीट उधारीवर द्यावं, पैसे मागाहून फेडू. तारण काय? काहीच नाही. मेनोनाइटांची पत, बस्स.

तेव्हा इथं आधीपासून स्थायिक असलेले मेनोनाइट काय म्हणाले असतील? अगदी आपल्यासारखंच! आम्ही ओळखत नाही त्या माणसांचं कर्ज आमच्या मंडळीच्या डोक्यावर का? परत केलं नाही तर आमची शेतं जातील. टेव्जना अधिकार कुणी दिला? सभांमध्ये त्यांच्याविरुद्ध ठराव झाले. मी हे ओपांकडून ऐकत होतो तेव्हा हसलो होतो, कारण सभा कुठलीही असो, माणूस तेच बोलतो. टेव्जनी सही केली.

21 जुलै 1923ला पहिला गट रॉस्थर्नच्या स्टेशनावर उतरला. 1930पर्यंत वीस हजारांवर माणसं आली, त्यातली बहुतेक उधारीवर. या उधारीला त्यांच्या जर्मनमध्ये रायझेशुल्ड म्हणतात, प्रवासाचं देणं. ओपांच्या घरचे 1924 मध्ये वसाहतीतल्या लिख्तेनाउ स्टेशनवरून मालडब्यांतून निघाले. पोत्यांत भाजलेले झ्वीबाक, आपल्या टोस्टसारखे कडक, महिनाभर टिकणारे. सोव्हिएत मुलखातून बाहेर पडून लाटव्हियाची हद्द ओलांडताना रुळांवर एक लाल कमान लागायची. ती मागं पडेपर्यंत डब्यात कुणी बोललं नाही, मागं पडली तशी सगळा डबा गाऊ लागला, असं ओपा सांगायचे. आणि सांगताना स्वतः कधी गात नसत.

साउदम्प्टनला डॉक्टरनं सगळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या. ओपांच्या अकरा वर्षांच्या बहिणीच्या डोळ्यांत खुपऱ्या निघाल्या. खुपऱ्या असलेल्या माणसाला कॅनडा घेत नव्हता. आईबापांपुढं दोनच वाटा: सगळ्यांनी थांबायचं, किंवा मुलीला तिथल्या छावणीत ठेवून पुढं जायचं. ते पुढं गेले. बहीण आठ महिन्यांनी एकटी आली, गळ्यात दोरीनं बांधलेली चिठ्ठी घेऊन. तिच्या त्या आठ महिन्यांच्या औषधपाण्याचाही खर्च देण्यात धरला होता.

मॅनिटोबात त्यांना शेत मिळालं ते आधीच्या मेनोनाइटांनी सोडलेलं. सरकारनं शाळा इंग्रजीच हवी असा कायदा केल्यावर त्यांच्यातले कर्मठ लोक 1922पासून मेक्सिकोला आणि मागाहून पॅराग्वेला निघून गेले होते. म्हणजे एक मेनोनाइट छळातून सुटून येतोय आणि दुसरा त्याच घराला कुलूप लावून चाललाय. राहिलेल्या जुन्यांना हे नवे फार शिकलेले आणि शिष्ट वाटायचे, नव्यांना जुने अडाणी वाटायचे. दोघांची घरची बोली एकच, प्लाउटडीच. तरी चर्चं वेगळी. (आपल्या शहरात मंडळं दोन का झाली, हा विषय मी काढत नाही.) आणि या दोघांच्याही आधी ती जमीन ज्यांची होती त्यांचं काय झालं, हे ओपा शेवटच्या वर्षांत बोलू लागले होते. बोलता बोलता गप्प व्हायचे.

ओपांच्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात रायझेशुल्डच्या पावत्या, दोऱ्यानं बांधलेल्या. मी त्या एका हिवाळ्यात एकेक करून बघितल्या. तीन डॉलर. पाच डॉलर. एक डॉलर पंचवीस सेंट. 1932 मध्ये गव्हाचा भाव बुशेलला 40 सेंटांच्या खाली गेला होता, वर टोळ. त्या वर्षीची पावती आहे, दोन डॉलरची. डुक्कर विकलं की आधी देण्याचा वाटा बाजूला निघायचा, मग पोरांचे बूट. ओपा म्हणाले, "मी तेरा वर्षांचा होईपर्यंत माझे बूट नेहमी भावाचे होते."

मग मला एक गोष्ट खटकली. एका पावतीवर लिहिलं होतं की या घराचं देणं पूर्ण फिटलं. पण पावत्या त्यानंतरही होत्या, पुढं कितीतरी वर्षांच्या. मी विचारलं, हे काय? हिशेब चुकला?

ओपा म्हणाले, "ते दुसऱ्यांचं."

कुणी वाटेत मेलं होतं, कुणाचा कर्ता पुरुष गेला होता, कुणी टीबीनं अंथरुणात, कुणी सरळ बुडवलं होतं. हो, बुडवणारेही होते. ज्यांचं फिटलं त्यांनी उरलेल्यांचं आपसांत वाटून घेतलं. मंडळी-मंडळींमधून वर्गणी फिरली. कंपनीनं व्याजाचा मोठा भाग सोडला, पण तोही यांनी फेडणं थांबवलं नाही म्हणून. नोव्हेंबर 1946 मध्ये शेवटचा हप्ता गेला. टेव्ज त्यानंतर तीनेक महिन्यांनी, फेब्रुवारी 1947 मध्ये वारले. ओपांच्या वडिलांनी बुडवणाऱ्यांना शिव्या दिल्या का, असं मी विचारलं. "दिल्या ना," ओपा म्हणाले, "प्लाउटडीचमध्ये शिव्या फार छान आहेत. शिव्या देऊन मग पैसे भरले."

"जबाबदार कोण?" या प्रश्नाला इतकं साधं उत्तर मी दुसरीकडं कुठं ऐकलेलं नाही. आपल्या घटनेत ते कलम बसत नसेल तर घटना बदलायला दोन-तृतीयांश मतं लागतात, एवढंच.

ओपांना संत करून मांडायचं नाहीये. ते हट्टी होते. चर्चमध्ये पियानो आणायला त्यांनी अनेक वर्षं विरोध केला. ओमांनी त्या चर्चच्या स्वयंपाकघरात जन्मभर कॉफी उकळली, पण मंडळीच्या सभेत बायकांना मत मिळालं तेव्हा त्यांचे केस पांढरे झाले होते, आणि ओपांनी त्या ठरावाला हात वर केला नव्हता हे ओमांनी मला ओपांसमोरच सांगितलं. विधवा-अनाथांचा पैसा सांभाळणाऱ्या त्यांच्या त्या जुन्या पेढ्या मॅनिटोबातही होत्या. त्यातल्या काही मंदीत बुडाल्या आणि ज्यांच्यासाठी काढल्या त्यांचेच पैसे गेले. भाबडेपणानं संस्था चालवल्या की काय होतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. म्हणून मग त्यांनी काय केलं, तर हिशेबाला बसले. पतसंस्था काढल्या, सहकारी दुकानं काढली, 1946 मध्ये ऑल्टोनात सूर्यफुलाचं तेल काढायचा सहकारी कारखाना सुरू केला. ओपा त्याचे सभासद. सहकार म्हटल्यावर मी आमच्याकडच्या सोसायट्यांच्या निवडणुका कशा होतात ते सांगितलं. त्यांना ते इतकं आवडलं की फास्पाला कुणी आलं की मला ते परत सांगायला लावायचे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ओपांनी बंदूक घ्यायला नकार दिला. सैन्यातून सूट द्यायची की नाही ते ठरवणाऱ्या बोर्डापुढं उभं राहावं लागलं. "तुझ्या बहिणीवर कुणी हात टाकला तर?" हा प्रश्न तिथं ठरलेला असायचा. माझ्या बहिणीला मी एकदा परक्या देशात सोडून आलोय, असं त्यांच्या तोंडावर आलं होतं, पण बोलले नाहीत. 1941 मध्ये त्यांना रायडिंग माउंटनच्या राष्ट्रीय उद्यानात लाकूडतोडीला पाठवलं, दिवसाला 50 सेंट. गावातल्या इंग्रजी दुकानदारानं पुढं कितीतरी वर्षं त्यांना भित्रा म्हणून हाक मारली. ओपा त्याच्याच दुकानातून खिळे घ्यायचे. पुढं त्याच्या कोठाराला आग लागली तेव्हा नवं कोठार उभारायला जी माणसं गेली त्यात ओपा होते. "खिळे त्याचेच होते," ते म्हणायचे.

मंडळीत ते डीकन होते, तीसएक वर्षं. डीकनचं काम प्रवचन देणं नाही. कुणाच्या घरात लाकूड संपलंय, कुणाचं दवाखान्याचं बिल थकलंय, कोण दारू प्यायला लागलाय, हे माहीत असणं आणि त्याचा बोभाटा न करणं हे काम. 1979 मध्ये कॅनडा सरकारशी निर्वासितांच्या खासगी प्रायोजकत्वाचा पहिला करार मेनोनाइट सेंट्रल कमिटीनं केला. ओपांच्या चर्चनं व्हिएतनामचं एक कुटुंब आणलं. भुकेल्यांसाठी धान्य गोळा करणारी फूडग्रेन्स बँक 1983 मध्ये सुरू झाल्यापासून ओपांचा एक तुकडा तिच्या नावानं पेरला जायचा. तो तुकडा त्यांच्या शेतातला सगळ्यांत चांगला, नाल्याकडचा. वाईट तुकडा का नाही देत, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी ट्रकचा दरवाजा उघडून खाली उतरलो.

1997च्या एप्रिलात रेड रिव्हरला पूर आला. ओपा एकोणऐंशीचे. सकाळी तळघराच्या दारावर थाप. "फावडं चालवता येतं का?" मला येत नव्हतं. तरी गेलो, आधी वाळूची पोती भरायला, मग पाणी ओसरल्यावर चिखल काढायला. आपत्तीत मदतीला धावणाऱ्या मेनोनाइट डिझास्टर सर्व्हिसचे लोक सस्कॅचवानहून, कॅन्ससहून स्वतःच्या खर्चानं आले होते. आम्ही ज्या घरात होतो तो मालक मेनोनाइट नव्हता, कुठल्याच चर्चचा नव्हता. ओल्या जिप्समच्या भिंती तोडून आम्ही घमेल्यानं बाहेर टाकत होतो. तो माणूस दारात उभा राहून सारखं विचारत होता, "मी तुमचं काय देणं लागतो?" तिसऱ्यांदा विचारल्यावर ओपांनी त्याच्या हातात झाडू दिला.

2007 मध्ये ओपा गेले. मी तेव्हा या शहरात आलो होतो. गाडी चालवत गेलो. चर्चच्या तळघरात झ्वीबाक, चीज, कॉफी. ओमांनी तो बिस्किटांचा डबा मला द्यायला सांगितलं होतं, पावत्यांसकट. मुलांना जर्मन वाचता येत नाही आणि मला नीट येत नसलं तरी आकडे येतात, असं त्या म्हणाल्या. डबा आता माझ्या कपाटात आहे. 2003 मधला तो विद्यार्थी मी नंतर शोधला. तो व्हँकूव्हरला आहे, त्याचं बरं चाललंय, मला ओळखलं नाही. बरंच झालं.

आता माझ्या सूचना. वास्तुनिधीत पडून असलेल्या रकमेचा दहावा हिस्सा काढून निधी सुरू करावा. मागणाऱ्याचं नाव फक्त तिघांना कळावं, ग्रुपवर येऊ नये. अर्ज आल्यापासून 24 तासांत उत्तर. रक्कम उधार म्हणून द्यावी, दान म्हणून नाही, म्हणजे घेणाऱ्याची मान ताठ राहते. आणि फेडली नाही तर ती आपल्यातल्यांनी वाटून घ्यावी. पहिल्या वर्षी जे बुडेल त्यातले दोन हजार डॉलर माझे. चेक सोबत जोडला आहे, त्यावर तारीख घातलेली नाही, ती सचिवांनी घालावी. बुडवणाऱ्यांना शिव्या द्यायची व्यवस्था मी स्वतंत्रपणे करीन. वऱ्हाडी-झाडीपट्टी मिळून माझ्याकडं बऱ्यापैकी साठा आहे.

आणि कृपा करून विषय क्रमांक सात जेवणाच्या आधी घ्या. तो डबा मी सभेला घेऊन येतोय.

आपला,
माजी खजिनदार